गाण्याला नाव हवे

मंडळी, पूर्वी गावात ग्रामोफोन कोणाच्या घरी होता, हे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पहा. तो नेमके घर दाखवील. कर्णा केवढा होता, चावी कोण देत असे, सुई बदलायचा मान कोणाचा, हेही सांगील. घरात गाणे असणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजे. शंभर गाणी हवीत तर पन्नास तबकड्या विकत घ्यायच्या, सांभाळायच्या, आणि एखादी हातातून निसटली की तिचे तुकडे गोळा करायचे.

आज काय स्थिती आहे? नखाएवढ्या कार्डावर दहा हजार गाणी मावतात. गणित सोपे आहे. संगणकाच्या भाषेत आवाज साठवण्याची जी काटकसरीची रीत आहे, तिच्यात एका मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट जागा लागते. गाणे चार मिनिटांचे धरले तर दहा हजार गाण्यांना चाळीस हजार मेगाबाइट, म्हणजे चाळीस गिगाबाइट पुरतात. एवढी जागा आता साध्या मोबाइलमध्येही असते.

पण कणगी भरली म्हणजे पेरणीचे बियाणे हाताशी आले, असे होत नाही. उघडून पहा तो मोबाइल. 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', 'रेकॉर्डिंग ७', 'भजन नवीन', 'भजन नवीन २'. कोण गातो आहे? कुठे गायला? कधी? सगळे मुके. गाणे आहे, पण त्याला नाव नाही. आणि ज्याला नाव नाही ते गाणे, जवळ असूनही, हरवल्यासारखेच.

ही अडचण नवी नाही. तबकड्यांचे ध्वनिमुद्रण आपल्या देशात आले तेव्हाच ती उभी राहिली. ती कशी सोडवली, पुन्हा कशी उद्भवली, याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

एडिसनने १८७७ साली बोललेला आवाज परत ऐकवणारे यंत्र केले. दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. आणि १९०२ साली फ्रेड गेसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक लंडनच्या ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला. तिथे त्याने ज्या कलावंतांची गाणी उतरवून घेतली त्यांत प्रसिद्ध गायिका गौहर जान होत्या. त्या काळच्या त्यांच्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. गाणे संपता संपता त्या इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारतात.

आपल्याला ऐकताना गंमत वाटते. पण ती हौस नव्हती, गरज होती, असे सांगतात. मेणावर उतरवलेले मूळ मुद्रण जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी जाई. तिथल्या कारखान्यात तबकड्या छापल्या जात आणि बोटीने परत येत. त्या कारागिरांना ना आपली भाषा कळे, ना आपले गवई ठाऊक. कोणता आवाज कोणाचा, हे त्यांनी कसे ओळखावे? म्हणून गाण्याच्या पोटातच नाव घातले. कागद हरवला तरी नाव हरवत नाही. एवढी साधी आणि एवढी शहाणी युक्ती!

पुढे १९०८ साली कलकत्त्यातच, सियालदहला, तबकड्या छापायचा कारखाना निघाला. नाव तोंडाने सांगण्याची चाल हळूहळू मागे पडली. ते काम मधल्या गोल कागदाने, म्हणजे लेबलाने उचलले. गायकाचे नाव, रागाचे किंवा नाटकाचे नाव, आणि कंपनीचा क्रमांक. शिवाय लेबलाच्या कडेला खुद्द तबकडीवरच आणखी एक क्रमांक कोरलेला असे. लेबल वाळवीने खाल्ले तरी तो क्रमांक राही. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली. अशा संग्राहकांनी जुन्या गायकांच्या ज्या याद्या तयार केल्या, त्यांना या क्रमांकांचा मोठा आधार असतो.

मग १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले आणि मोठ्या वेष्टनावर माहितीलाही जागा झाली. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. कॅसेटने एक मोठे काम केले. ध्वनिमुद्रण कंपनीच्या हातून सुटून तुमच्या-आमच्या हाती आले. गावचे भजन, सप्ताहातले कीर्तन, लग्नातली गाणी, आजोबांचा आवाज, सगळे फितीवर उतरले. पण नाव? ते पेन्सिलीने खोक्यावर लिहिले. पुढे खोकी अदलाबदल झाली, पेन्सिल पुसली, आणि पेटीत पन्नास कॅसेटी राहिल्या, कोणतीत काय ते कोणी सांगावे!

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी बाजारात आली. आवाज आता खाचेत कोरला जात नव्हता, आकड्यांत मांडला जात होता. एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० वेळा माप घ्यायचे आणि ते आकडे लिहून ठेवायचे, अशी ती रीत. आकडा झिजत नाही, म्हणून आवाज खरखरत नाही. पण गंमत पहा. इतके आकडे लिहिणाऱ्या बहुतेक सीड्यांवर गाण्याचे नाव मात्र लिहिलेलेच नसे! संगणकाला एवढेच कळे, की पहिले गाणे इतक्या मिनिटांचे, दुसरे इतक्या मिनिटांचे. नावे बाहेरच्या कागदावर. म्हणजे आपण पुन्हा हॅनोव्हरच्या त्या कारागिराच्या जागी आलो.

यावर १९९० च्या दशकात टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी तोड काढली. गाण्यांच्या लांबीचा क्रम हाच सीडीच्या अंगठ्याचा ठसा मानायचा. एकाने आपल्या सीडीची नावे टंकून सामाईक वहीत पाठवायची, म्हणजे तीच सीडी दुसऱ्याने घातली की नावे आपोआप दिसतील. जगभरच्या हजारो माणसांनी फुकट मेहनत करून ही वही भरली. पुढे मात्र ती वही एका खाजगी कंपनीच्या मालकीची झाली आणि वापरावर अटी आल्या. लोकांना ते लागले. पाणंद सगळ्यांनी मिळून बांधावी आणि फाटक एकाने लावावे, तसे झाले. तेव्हा रॉबर्ट के याने २००० साली 'म्युझिकब्रेन्झ' नावाची सर्वांना खुली वही सुरू केली. ती आजही चालू आहे आणि तिच्यात कोणीही भर घालू शकतो. तुम्हीसुद्धा.

त्याच सुमारास आवाज आटोपशीर करण्याची विद्या पुढे आली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी रीत सिद्धीस नेली, तिच्या फायलींना १९९५ साली 'एमपी३' हे नाव मिळाले. युक्ती अशी, की जोरात ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. मग ती लिहायची कशाला? कानाला न जाणवणारे असे पाखडून टाकले, की फाइल मूळच्या दहाव्या-अकराव्या हिश्शावर येते. पण पाखडलेले परत मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. २००१ साली आलेली 'फ्लॅक' ही दुसरी रीत. ती कापसाच्या गाठीसारखी. दाबून बांधलेली असते, सोडली की कापूस जेवढा होता तेवढाच निघतो. जागा जास्त लागते, पण काही गमावत नाही. म्हणून घरचे मोलाचे, दुसरीकडे न मिळणारे ध्वनिमुद्रण फ्लॅकमध्ये ठेवावे आणि रोज ऐकायची प्रत एमपी३ मध्ये करावी.

आणि नावाचे काय? १९९६ साली एरिक केम्प याने एमपी३ फायलीच्या शेवटी १२८ अक्षरांची एक चिठ्ठी जोडली. तिला 'टॅग' म्हणतात. गाण्याचे नाव ३० अक्षरे, गायकाचे ३०, संग्रहाचे ३०, साल ४, शेरा ३०, आणि प्रकारासाठी एक आकडा. गौहर जान यांचीच युक्ती ही! नाव गाण्याच्या पोटात. फाइल कुठेही जावो, नाव बरोबर जाते.

पण ही चिठ्ठी आपल्याला तोकडी पडली. पंडित मल्लिकार्जुन भीमरायप्पा मन्सूर हे नाव रोमन लिपीत पूर्ण लिहून पहा. तीस अक्षरे वडिलांच्या नावातच संपतात. 'मन्सूर' कापले जाते, आणि मन्सूर तर त्यांच्या गावाचे नाव! देवनागरीची तर त्या चिठ्ठीत सोयच नव्हती. प्रकारांच्या मूळ यादीत ऐंशी नावे होती. तिच्यात युरोपचा पोल्का होता. ख्याल, अभंग, लावणी नव्हती. १९९८ साली नवी, लांबरुंद चिठ्ठी आली. ती फायलीच्या आरंभी असते आणि तिच्यात देवनागरी चालते. म्हणून आता मराठी गाण्याचे नाव मराठीत न लिहिण्याला सबब उरलेली नाही. फक्त ते युनिकोडमध्ये टंकावे. जुन्या फाँटात लिहिलेले दुसऱ्या संगणकावर अगम्य होते, हा अनुभव शिक्षक मंडळींना सांगायला नको.

आता म्हणाल, हे सारे कळले, पण आम्ही करावे काय?

पहिली गोष्ट, नाव एकच ठेवा. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'भीमसेनजी' हे संगणकाच्या लेखी तीन निराळे गवई आहेत. कोणते रूप वापरायचे ते एकदा ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि घरातल्या सगळ्यांना तेच वापरायला लावा.

दुसरी गोष्ट, केवळ गाण्याच्या नावावर थांबू नका. गीतरामायणाचे उदाहरण घ्या. गदिमांची ती छप्पन्न गीते पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर प्रसारित झाली. संगीत सुधीर फडके यांचे, पण गायक अनेक. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, राम फाटक होते. पुढे घरोघरी ज्या ध्वनिमुद्रिका गेल्या त्या एकट्या फडक्यांच्या आवाजातल्या. आता तुमच्या फायलीवर नुसते गीताचे नाव असेल, तर ते आकाशवाणीचे मूळ मुद्रण की मागाहूनचे? नातवाने कसे ओळखावे? म्हणून गायक, साल आणि कुठले मुद्रण, हे तिन्ही लिहा. शास्त्रीय गाणे असेल तर राग, ताल आणि साथीदार शेऱ्यात घाला. तबलजीचे नाव पहिल्यांदा गळते, तेवढे गळू देऊ नका.

तिसरी गोष्ट, फोल्डर साधे ठेवा. गायक, त्यात कार्यक्रम किंवा संग्रह, त्यात गाणी. घरात जुना संगणक असेल तर सारा साठा त्यावर ठेवून वायफायवरून माजघरात, ओसरीवर, मोबाइलवर हवे तिथे वाजवता येतो. अशी कामे करणाऱ्या फुकट आज्ञावल्या आहेत. त्या टॅग वाचूनच यादी लावतात. टॅग बरोबर तर यादी बरोबर.

चौथी गोष्ट, दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. तबकडी फुटली तर एक गाणे जाई. डिस्क बिघडली तर दहा हजार जातात.

आणि आता जे खरोखर सांगायचे होते ते. सिनेमाचे गाणे हरवले तर दुसरीकडे मिळेल. तुमच्या घरची जात्यावरची ओवी कुठे मिळणार? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून ओव्या जमवल्या. हजारांहून अधिक गावे, एक लाखांहून अधिक ओव्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साह्याने त्यांतल्या कित्येकींचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'परी' ही ग्रामीण भारताची नोंद ठेवणारी संस्था त्या सर्वांसमोर मांडत आहे. त्या संग्रहाचे मोल नुसत्या संख्येत नाही. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. पिढ्यान्‌पिढ्या निनावी राहिलेल्या गाण्याला तिथे गाणारीचे नाव मिळाले.

शिक्षक मंडळी, हे काम शाळेतली मुलेही करू शकतील. मोबाइल प्रत्येक घरात आहे. मुलांनी आपल्या आजीला गायला सांगावे. पण कळ दाबल्यावर पहिले वाक्य आजीचे असावे. तिने आपले नाव सांगावे, माहेरचे गाव सांगावे, ही ओवी कोणाकडून शिकले ते सांगावे, आणि मुलाने त्या दिवसाची तारीख बोलावी. मग गाणे. टॅग पुढे केव्हाही लिहिता येईल. तो पुसला गेला तरी हरकत नाही, कारण नाव आवाजातच असेल.

कलकत्त्याच्या त्या गायिकेने सव्वाशे वर्षांपूर्वी हेच केले होते. तिचे नाव आपण आज घेतो आहोत. तुमच्या आजीचेही कोणीतरी घेईल. एवढे सांगून आपली रजा घेतो. राम राम!