हंस, दाणे आणि कॅमेरा

हिवाळी हंसांची जी छायाचित्रे कॅलेंडरांवर झळकतात, त्यांतली कितीतरी जपानच्या होक्काइदो बेटावरील कुश्शारो सरोवराची असतात. बर्फाचा विस्तार, पाण्यावरची वाफ, तिच्यात पांढरे पक्षी. पाहणाऱ्याला वाटते, या जागी माणूस कधी फिरकलाच नसावा. प्रत्यक्षात ती वाफ काठच्या गरम झऱ्यांची असते. सरोवर गोठले तरी तेवढा काठ मोकळा राहतो, म्हणून हंस तिथे गोळा होतात आणि त्यांच्यामागून पर्यटकही. रानटी हंस चौकटीत कसा आला, याचे श्रेय आपण सहसा कॅमेऱ्याला देतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा दाण्यांचा आहे.

निइगाता प्रांतातले ह्योको तळे घ्या. सतराव्या शतकात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले हे तळे, म्हणजे नैसर्गिक अधिवास म्हणावा असे मुळात काही नाही. 1950 च्या हिवाळ्यात तिथे हंस उतरले. योशिकावा नावाच्या गावकऱ्याने त्यांना दाणे घालायला सुरुवात केली. माणूस दिसताच लांब सरकणारे पक्षी हळूहळू जवळ येऊ लागले. रानटी हंसांनी माणसाने घातलेला चारा स्वीकारला ते साल 1954, आणि त्याच वर्षी ही जागा राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर झाली. काठावर उभे राहून हंस टिपण्याची सोय झाली ती अशी, एका माणसाच्या चिकाटीमुळे.

यावर कोणी म्हणेल, लांब पल्ल्याची भिंगे आली असती तर दाण्यांवाचूनही हेच घडले असते. भिंग अंतर कमी करते हे खरे, पण पक्ष्याला थांबवून ठेवत नाही, आणि तोच हंस उद्या पुन्हा तिथेच येईल याची हमी तर मुळीच देत नाही. इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजचा दाखला इथे बोलका आहे. पीटर स्कॉट हे तरुणपणी बंदूक घेऊन बदकांमागे हिंडलेले चित्रकार. 1946 साली त्यांनी तिथे पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. 1964 मध्ये सैबेरियाकडचे ब्यूइक हंस त्यांच्या घरासमोरच्या तळ्यावर येऊ लागले. तळ्यात आधीपासून पाळीव हंस होते आणि दाणेही मिळत. हंस इतके जवळ आले, की प्रत्येकाच्या चोचीवरची पिवळ्या-काळ्या रंगांची नक्षी वेगळी असते हे स्कॉट यांच्या ध्यानात आले. ते एकेकाचा चेहरा कागदावर उतरवू लागले, त्यांना नावे देऊ लागले. म्हणजे हंसांची पहिली ओळखपत्रे पेन्सिलीने झाली (चित्रकाराच्या घरासमोर ते स्वाभाविकच). कॅमेरा तेव्हाही होता. नसलेली गोष्ट होती ती जवळीक, आणि ती दाण्यांनी आणली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दाणे खाणारा हंस रानटी कसा? त्याचे छायाचित्र म्हणजे फसवणूक नव्हे का? पण हाच पक्षी वसंतात तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून टुंड्रात घरटे करायला जातो, तिथे त्याला दाणे कोणी घालत नाही. आणखी एक पुरावा कठोर आहे. 1970 च्या दशकात स्लिमब्रिजला पकडून क्ष-किरणाखाली तपासलेल्या हंसांपैकी सुमारे एक तृतीयांशांच्या अंगात छर्रे सापडले. कायद्याने संरक्षण असूनही वाटेत कुठेतरी त्यांच्यावर गोळी झाडली जात होती. तरीही ते या तळ्यावर माणसासमोर खायला उतरत. पाळीव झालेला पक्षी माणसावर सरसकट विश्वास ठेवतो. हे हंस ठेवत होते तो एका जागेवर आणि एका ऋतूपुरता.

दाण्यांची किंमत मात्र होतीच. 2008 च्या वसंतात होक्काइदोत आणि तोवादा सरोवरावर मेलेल्या हंसांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू आढळला आणि जपानभर अनेक ठिकाणी चारा घालणे थांबले किंवा आटोक्यात आले. गर्दी करून खाणाऱ्या थव्यात रोग पसरण्याची भीती रास्त होती, आणि एका चांगल्या चौकटीसाठी ती बाजूला सारावी असे कोणी म्हणू नये. निइगातातले हंस तसेही दिवसा कापणी झालेल्या भातखाचरांत सांडलेले दाणे टिपतात आणि संध्याकाळी तळ्यावर परततात. खाचरातले छायाचित्र अधिक अस्सल मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ते भातही माणसानेच लावलेले असते.