तुरुंगात शिकलेल्या भाषा

राज्यकर्ते तुरुंग बांधतात ते माणसाला माणसांपासून तोडण्यासाठी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र तुरुंगाने अनेकदा याच्या उलट कार्य केले आहे. लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या एकांतात ‘गीतारहस्य’ सिद्ध झाले, हे सर्वज्ञात आहे. आम्ही येथे त्यांच्या पुढच्या पिढीतील दोन बंदिवानांचा विचार करणार आहोत. गजाआड असताना परक्या भाषेशी आणि परक्या माणसाशी त्यांनी कोणते नाते जोडले, एवढाच प्रश्न आमच्यापुढे आहे. सीमेवर राहणाऱ्या मराठी माणसाला तो दूरचा वाटू नये.

पहिले बंदिवान पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी. कोकणातील पालगड येथे १८९९ साली त्यांचा जन्म झाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. १९३० साली नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि शिक्षा होऊन आधी धुळ्याच्या व नंतर दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गेले. तेथे भोवती दक्षिणेतील सत्याग्रही होते. ध्येय एक, शिक्षा एक, अन्नही एकच. तरीही एकाच्या मनातले दुसऱ्याला उमगत नव्हते. अशा वेळी आपल्याच भाषेच्या चार माणसांचा कोंडाळा करून बसणे सोपे असते. गुरुजींनी तमिळ शिकावयास घेतली. ‘तिरुक्कुरळ’ या प्राचीन तमिळ ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवादही केला. १३३ अध्याय आणि १३३० द्विपदींच्या या ग्रंथात पंचविसावा अध्याय करुणेवरच आहे. पुढे गुरुजींनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. प्रत्येक भारतीयाने आपल्या मातृभाषेइतक्याच आदराने दुसरी एखादी भारतीय भाषा जाणावी, असा तिचा आशय आहे. त्या कल्पनेचे बीज या बंदिवासात पडले होते.

१९३२ साली गुरुजी पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे त्यांना विनोबा भावे यांचा सहवास लाभला. सक्तमजुरीतील दळण हा राजबंद्यांना अपमान वाटे. विनोबांनी श्रमाशिवाय अन्न घेऊ नये असे सांगितले आणि स्वतः जात्यावर बसले. दंड म्हणून लादलेले काम सर्वांनी स्वेच्छेने उचलले, तेव्हा त्यातील अपमानाचा डंख उरला नाही. त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, अठरा रविवारी, विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. श्रोत्यांत जमनालाल बजाजांसारखे धनिक होते आणि साधे सत्याग्रहीही होते. प्रवचनांची भाषा घरगुती, उदाहरणे शेतातली आणि स्वयंपाकघरातली. गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. दुसऱ्याचे बोलणे आपला अहंकार बाजूला ठेवून टिपून घेणे, हीसुद्धा साधनाच होय.

पुढील वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बराचसा भाग लिहिला. ज्या सरकारने कोंडले त्याच्याविषयीचा त्वेष त्या पानांत नाही. आहे ती एका गरीब आईच्या शिकवणुकीची कृतज्ञ आठवण. ही कोवळीक दुबळेपणाची नव्हती. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये याच माणसाने प्राण पणाला लावून उपोषण केले.

विनोबांचा पुढचा बंदिवास भाषेच्या दृष्टीने अधिकच उद्बोधक आहे. त्यांचे शिक्षण वडोदऱ्यात झालेले, त्यामुळे मराठीबाहेरील भाषांचा शेजार त्यांना बालपणापासून होता. १९४२ च्या आंदोलनात त्यांना दक्षिणेत वेल्लोरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा एकाच वेळी अभ्यास केला. सरकारने त्यांना आपल्या मुलुखापासून दूर नेले आणि त्यांनी त्या दुराव्यालाच आपली शाळा केले. एप्रिल १९५१ मध्ये ते तेलंगणात गेले. रामनवमीच्या दिवशी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन त्यांनी कम्युनिस्ट बंदिवानांची भेट घेतली. त्यांचा मार्ग विनोबांना मान्य नव्हता, तरी त्यांचे म्हणणे ऐकणे त्यांनी आवश्यक मानले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १८ एप्रिलला, पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला. स्वतः तुरुंग भोगलेला माणूस दुसऱ्या तुरुंगाच्या दाराशी कोणत्या मनाने जातो, याचा हा वस्तुपाठ आहे.

बंदिवास माणसाला आपोआप थोर करीत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच भिंतींआड कितीतरी माणसे कडवट झाली, मोडून पडली. या दोघांना तारले ते त्यांनी स्वतः निवडलेल्या तीन गोष्टींनी: वाटून घेतलेले श्रम, मनापासूनचे श्रवण आणि शेजाऱ्याच्या भाषेचा अभ्यास.

वाचकहो, बेळगाव-निपाणीपासून गोव्यापर्यंत आणि इंदूरपासून हैदराबादपर्यंत आपण सारे दोन भाषांच्या उंबरठ्यावर नांदतो. भाषिक हक्कासाठी सत्याग्रह करून तुरुंगात गेलेली माणसे सीमाभागात घरोघर आहेत, आणि त्यांचे ऋण आम्ही मानतो. आपल्या मराठीचा हक्क मागताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही. परंतु कन्नड अथवा तेलुगू बोलणाऱ्या शेजाऱ्याचे सुखदुःख त्याच्याच भाषेत समजून घेणारा मराठी माणूस आपल्या मागणीला अधिक वजन देतो, असे आम्हांस वाटते. गुरुजींना आणि विनोबांना शेजाऱ्याच्या भाषेपर्यंत पोहोचण्यासाठी शेकडो मैल दूरच्या कोठडीत जावे लागले. आपल्यासाठी ती भाषा भिंतीपलीकडच्या घरातच बोलली जाते.