पौंडाला दीड तास?

साडेतीन किलोचा, म्हणजे आठ पौंडांचा डुकराच्या खांद्याचा तुकडा 107 अंश सेल्सियसला धुरावर ठेवला, तर शिजायला किती वेळ लागेल? अमेरिकेत ठरलेलं उत्तर आहे: पौंडाला दीड तास, म्हणजे बारा तास. प्रत्यक्षात कधी नऊ तासांत होतो, कधी चौदा तास लागतात आणि पाहुणे ताटं समोर घेऊन बसून राहतात. स्वयंपाकघरात वेळ कशी मोजली गेली, हा माझ्या अभ्यासाचा विषय. (आपल्याकडे ती शिट्ट्यांमध्ये मोजतात, त्यावर वेगळा लेख होईल.) हा दीड तासाचा नियम मला आवडतो, कारण तो कुठे आणि का फसतो हे बघताना बराच इतिहास हाती लागतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात बार्बेक्यू म्हणजे जमिनीत खणलेला लांब चर, बाजूला पेटवलेल्या लाकडाचे निखारे फावड्याने त्यात सारायचे आणि वर आडव्या काठ्यांवर अख्खं डुक्कर. 27 मे 1769 ला जॉर्ज वॉशिंग्टनने डायरीत लिहिलं की तो अलेक्झांड्रियाला बार्बेक्यूला गेला आणि रात्रभर राहिला. नोंद एवढीच. निखारे कोणी सारले, डुक्कर कधी चढवलं, काही नाही. व्हर्जिनिया-कॅरोलायनात हे काम मुख्यतः गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांच्या अंगावर असायचं, त्यामुळे यजमानाला वेळेचा अंदाज बांधायची गरजच नव्हती. तो अंदाज रात्रभर जागणारा माणूस करायचा.

त्या माणसाचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं ते फार उशिरा. 1930 च्या दशकात सरकारी लेखक-प्रकल्पाने, एकेकाळी गुलामीत असलेल्या म्हाताऱ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यात साउथ कॅरोलायनाचे वेस्ली जोन्स आहेत. ते सांगतात की काठीला चिंधी किंवा कापूस गुंडाळून ते रात्रभर मांसाला व्हिनेगर, मिरची, लोणी, कांदा-लसूण वगैरेचं पाणी पुसत राहायचे, मांस उलटत राहायचे. कधीपर्यंत? मसाला बाहेर झिरपायला लागेपर्यंत आणि मांस आतपर्यंत शिजेपर्यंत. घड्याळाचा काटा इथे कुठेच नाही. मला ही मुलाखत पाककृती म्हणून जितकी मोलाची वाटते, तितकीच मोजमापाची नोंद म्हणूनही वाटते.

वेळ वजनाला बांधण्याची सवय छापील पाकपुस्तकांनी पक्की केली. फॅनी फार्मरच्या 1896 च्या प्रसिद्ध पुस्तकात वेळांची कोष्टकंच आहेत: भाजायच्या मांसाला पौंडामागे इतकी मिनिटं. घरात एकटीने स्वयंपाक करणाऱ्या बाईला याचा खरंच उपयोग होता, हे मान्य. पण उष्णता वजन बघून आत शिरत नाही, जाडी बघून शिरते. आणि जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट होतो. आकार तोच ठेवून वजन दुप्पट केलं, तर जाडी फक्त सव्वापट वाढते आणि वेळ साधारण 1.6 पट होतो, दुप्पट नव्हे. तोच तुकडा नुसता लांबीला दुप्पट घेतला, तर वेळ जवळपास तेवढाच. वुल्फगांग पानोफ्स्की हे स्टॅनफर्डच्या कणत्वरक प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यांनी टर्कीसाठी सूत्र दिलं, त्यात वजनाचा घात दोन-तृतीयांश आहे. म्हणजे हेच 1.6 पट.

पण डुकराच्या खांद्याला पानोफ्स्कीही पुरत नाहीत. मांस 65 ते 75 अंशांच्या दरम्यान पोचलं की थर्मामीटर अडतो. तासन्‌तास. याला तिथे ‘स्टॉल’ म्हणतात. बरीच वर्षं समजूत होती की कोलॅजन वितळताना उष्णता खातं. 2010 च्या आसपास ग्रेग ब्लाँडर या भौतिकशास्त्रज्ञाने मांसाबरोबर एक ओला स्पंज आणि एक चरबीचा गोळा तापवून पाहिला. चरबीचं तापमान सरळ चढत गेलं, स्पंजचं अडलं. स्पंजमध्ये कोलॅजन कुठून येणार? कारण आपल्या माठाचंच: पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा किती कोरडी, वारा किती, यावर हा मुक्काम लांबतो किंवा आखडतो, आणि वजनाच्या कुठल्याही कोष्टकात तो बसत नाही. मांस घट्ट फॉइलमध्ये गुंडाळलं की बाष्पीभवन थांबतं आणि तास वाचतात, पण वरची कुरकुरीत साल मऊ पडते.

आता जोन्स यांची ओली चिंधी आठवा. प्रत्येक फेरीला ते पृष्ठभाग पुन्हा ओला करत होते, म्हणजे मांस थंड ठेवून रात्र आणखी लांबवत होते! पण त्यामुळे बाहेरचं जळायच्या आत आतलं शिजायला अवधीही मिळत होता.

एक घोळ अजून. 2011 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने डुकराच्या अख्ख्या तुकड्यांसाठी सुरक्षित तापमान 71 वरून 63 अंशांवर आणलं, वर तीन मिनिटं विसावा. पण 63 अंशांचा खांदा खाऊन बघा, चामडं. बोटांनी तंतू सुटावेत असं हवं असेल तर 90 ते 96 अंशांपर्यंत न्यावं लागतं, कारण कोलॅजनचं जिलेटिन व्हायला उष्णता लागते आणि वेळही.

म्हणून अनुभवी लोक आज उलटा हिशोब करतात. जेवण संध्याकाळी सात वाजता असेल, तर दुपारी दोनलाच तयार होईल असं धरून आदल्या रात्री चढवतात. लवकर झालं तर फॉइल आणि टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवतात, तिथे ते चार-पाच तास गरम राहतं. हाड हलवून बघायचं, मांसातून अलगद सुटलं की झालं.