फिशटँकमधलं पाणी रोज आटतं, तरी पातळी तशीच कशी राहते? ओव्हरफ्लो आणि संपचं गणित

समुद्री मासे किंवा प्रवाळ असलेल्या मोठ्या फिशटँकमधून रोज थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं. तरीही काचेवरची पाण्याची रेघ जागची हलत नाही. यामागचं कारण टँकमध्ये कमी आणि खालच्या कपाटात जास्त असतं. तिथे एक दुसरी टाकी असते, तिला 'संप' म्हणतात. अनेक ठिकाणी इमारतीखालच्या पाण्याच्या टाकीलाही हाच शब्द वापरतात.

ही व्यवस्था नेमकी कशी चालते आणि ती बिघडली तर घरात पाणी का पसरतं, हे समजून घेऊया.

पाणी फिरतं कसं?

वरच्या टँकच्या एका कडेला ओव्हरफ्लो असतो. ही म्हणजे काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची उभी भिंत. तिच्या वरच्या कडेला बहुतेक वेळा कंगव्यासारखे दाते असतात, म्हणजे मासे आत जात नाहीत. भिंतीवरून सांडलेलं पाणी पाइपमधून संपमध्ये उतरतं. तिथे ते गाळलं जातं, हीटरने गरम होतं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते पुन्हा वर पाठवतो.

पातळी कोण ठरवतं?

दरवाजे नसलेल्या धरणाचा सांडवा आठवा. धरण भरलं की पाणी सांडव्यावरून वाहू लागतं. पूर वाढला तरी सांडव्यावरचा थर थोडाच जाड होतो, कारण थर वाढताच बाहेर जाणारं पाणी त्याहून वेगाने वाढतं. ओव्हरफ्लोचं काम असंच आहे.

समजा, सांडव्याची कड 60 सेंटिमीटर लांब आहे आणि पंप तासाला 2,000 लिटर पाणी वर फेकतो. अशा वेळी कडेवरून वाहणाऱ्या पाण्याचा थर साधारण 6 मिलिमीटर असतो. पंप दुप्पट जोराचा बसवला, तरी तो सुमारे 10 मिलिमीटरपर्यंतच जातो. दात्यांमुळे मोकळी जागा कमी होते, त्यामुळे थर थोडा वाढतो. पण मुद्दा तोच: टँकची पातळी पंप नव्हे, तर कडेची उंची ठरवते.

मग आटलेलं पाणी कुठे कमी होतं?

पंप चालू आहे तोवर वरचा टँक कडेपर्यंत भरलेलाच राहतो. संपमधल्या आधीच्या कप्प्यांचंही तसंच, कारण त्यांच्यामधल्या काचा हे छोटे सांडवेच असतात. सगळी घट दिसते ती शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात. म्हणून पातळी पाहायची ती तिथे.

पाणी आटतं, पण मीठ मागेच राहतं. एकूण 300 लिटर पाणी असलेल्या व्यवस्थेतून रोज 3 लिटर आटलं आणि 10 दिवस भर घातली नाही, तर खारटपणा हजारी 35 वरून जवळपास 39 वर जातो. प्रवाळांना तो मानवत नाही. त्यामुळे आटलेल्या पाण्याची भर खारं पाणी घालून नव्हे, तर आरओच्या गोड्या पाण्याने करतात. शेवटच्या कप्प्यात फ्लोट स्विच बसवला, तर हे काम आपोआप होतं.

वीज गेली तर काय होतं?

पहिला धोका इथे आहे. पंप थांबला की सांडव्याच्या कडेवरचं पाणी खाली उतरतं आणि थांबतं. पण वर पाणी नेणारा पाइप उलटा चालू लागतो. त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तर सायफन सुरू होतो आणि तोंडाला हवा लागेपर्यंत टँकमधलं पाणी संपमध्ये येत राहतं.

120 सेंटिमीटर लांब आणि 45 सेंटिमीटर रुंद टँकमधलं 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 5.4 लिटर. पाइपचं तोंड पातळीच्या 10 सेंटिमीटर खाली असेल, तर 54 लिटर खाली येतं. ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं आणि पाइपांमधलं पाणी वेगळंच. संपमध्ये तेवढी मोकळी जागा नसेल, तर पाणी फरशीवर येणारच.

उपाय साधा आहे. पाइपचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागालगत ठेवायचं, किंवा पातळीच्या किंचित खाली पाइपला बारीक छिद्र पाडायचं. पातळी उतरली की छिद्रातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. मात्र शेवाळ किंवा गोगलगायीमुळे छिद्र बुजू शकतं, म्हणून ते अधूनमधून साफ करावं लागतं. एकदिशा व्हॉल्व्हमध्येही कचरा अडकतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबून राहणं धोक्याचं.

आणि पाइप तुंबला तर?

आता धोका उलटा. पाणी खाली येत नाही, पण पंप शेवटच्या कप्प्यातलं पाणी वर फेकत राहतो. त्या कप्प्यात 20 लिटर पाणी असेल आणि वरच्या टँकमध्ये 4 सेंटिमीटर जागा मोकळी असेल, तर ते मावतं. पुढे पंप कोरडा पडतो, पण पाणी बाहेर सांडत नाही. मात्र कप्पा रिकामा झाल्याचं पाहून फ्लोट स्विच गोडं पाणी सोडत राहिला, तर हे गणित कोलमडतं. म्हणून भर घालणाऱ्या पाण्याचा डबा फार मोठा ठेवत नाहीत.

'हर्बी' पद्धतीत खाली जाणारे दोन पाइप असतात, 'बीन अ‍ॅनिमल' पद्धतीत तीन. दोन्हींत एक पाइप एरवी कोरडा, फक्त आणीबाणीसाठी राखलेला असतो. टँकला छिद्र न पाडता मागे अडकवायच्या काही ओव्हरफ्लो पेट्या मात्र सायफनच्या नळीवर चालतात. नळीत हवा साचून सायफन तुटला, तर पाइप तुंबल्यासारखीच स्थिती होते.

आधी काय तपासायचं?

मासे सोडण्याआधी पंपाचं बटण बंद करून संप कुठपर्यंत भरतो ते पाहायचं आणि तो ओसंडत नसेल, तर चालू असतानाच्या पातळीवर खूण करायची. संपमध्ये त्या खुणेच्या वर पाणी भरायचं नाही. मग ओव्हरफ्लोचा पाइप थोडा वेळ मुद्दाम बंद करून वरचा टँक ओसंडतो का, हे पाहायचं. या दोन्ही चाचण्यांत फरशी कोरडी राहिली, तर मध्यरात्री वीज गेल्यावरही ती कोरडी राहण्याची शक्यता खूप जास्त असते.