शून्य तास

(काकाजी कल्पित, गोळ्या आणि त्यांचं वागणं मात्र खरं.)

७२ तास उरले. शनिवार, सकाळी ९. अकोला, मे महिना, पुतणीचं लग्न. काकाजी ६४ वर्षांचे, वजन ६० किलो, जुना मधुमेह. बीपीची रोजची गोळी जोडऔषधाची: टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. गेल्या वर्षी मूत्रपिंडांच्या तपासणीत क्रिएटिनिन १.४ आलं होतं. तो कागद कपाटात.

६८ तास. दुपारी १. पारा ४५ वर. मांडवात सगळ्यांना पाणी विचारताना स्वतः प्यायचं राहिलं.

६० तास. रात्री ९. गुडघे ठणकतात. पुतण्या म्हणाला, "काकाजी, मेडिकलमधून आणली, घ्या एक." डायक्लोफेनॅक. सकाळी आणखी एक.

४८ तास. रविवार, सकाळी ९. जुलाब, दुपारपर्यंत आठ वेळा. बीपीची गोळी मात्र चुकली नाही.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडातल्या गाळणीत रक्त आणणारी बारीक वाहिनी रुंदावते, बाहेर नेणारी आवळते, आणि गाळणीतला दाब टिकतो. डायक्लोफेनॅक पहिलीला रुंदावू देत नाही, टेल्मिसार्टन दुसरीला आवळू देत नाही. उरलंसुरलं पाणी तिसरं औषध बाहेर काढतं.

३६ तास. रात्री ९. दुपारपासून लघवी एकदाच, तीही थोडी, गडद. इतक्या वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर व्हायला हवी. सलग सहा तास त्याहून कमी झाली, तर ती मूत्रपिंडाची इजा धरतात. घरचे म्हणाले, "उन्हाळा आहे, होते असं." दुखत तर काहीच नव्हतं.

२४ तास. सोमवार, सकाळी ९. जुलाब थांबले, घर निर्धास्त. काकाजींना मळमळ, अंगदुखी. पुन्हा डायक्लोफेनॅक. अजूनही वेळेवर लावलेल्या सलाइनने बहुधा निभावलं असतं.

६ तास. मंगळवार, पहाटे ३. पायांतलं बळ गेलं. बोलणं असंबद्ध.

शून्य. सकाळी ९. क्रिएटिनिन ४.६, पोटॅशियम ७.१. ईसीजीवर टोकदार लाटा. हृदय केव्हाही थांबू शकतं. तातडीचं डायलिसिस.

लघवी किती झाली, हे विचारायला यंत्र लागत नाही. घरात वय झालेलं, मधुमेहाचं किंवा बीपीचं माणूस असेल आणि जुलाब-उलट्या लागल्या, तर वेदनाशामक देऊ नका. बीपीची गोळी आज घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारा.