बारावीनंतर फॉर्म नेमका कुठे भरायचा? ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या विद्यार्थ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घराघरांत एकच प्रश्न असतो: फॉर्म कुठे भरायचा? अकरावीला एकाच पोर्टलवर पसंतीक्रम भरला की काम व्हायचं. पदवीचं तसं नाही. अभ्यासक्रम कोणता, यावर फॉर्म ठरतो.

बीए, बीकॉम, बीएस्सी

मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत मुंबईसोबत ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. इथल्या पारंपरिक पदवी अभ्यासक्रमांसाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नावनोंदणी करावी लागते. अनेक जण इथेच थांबतात, आणि घोळ होतो. ही नोंदणी म्हणजे कॉलेजचा अर्ज नव्हे. नोंदणीची प्रत घेऊन ठाण्याचं बांदोडकर किंवा जोशी-बेडेकर, कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर अशा ज्या-ज्या कॉलेजात प्रवेश हवा, तिथे स्वतंत्र अर्ज करायचा असतो. गुणवत्ता यादी प्रत्येक कॉलेज आपापली लावतं. यादीत नाव आल्यावर दिलेल्या मुदतीत फी भरली नाही, तर जागा पुढच्या यादीत जाते.

कनिष्ठ महाविद्यालय त्याच संस्थेचं असेल तर इनहाऊस कोट्याचा फायदा मिळतो. उल्हासनगरच्या सीएचएमसारख्या भाषिक अल्पसंख्याक संस्थांत त्या भाषकांसाठी वेगळ्या जागा असतात. त्यामुळे खुल्या यादीचा कटऑफ ऐकून घाबरण्याआधी कोट्यांची चौकशी करावी.

बीएमएसचं काय झालं?

२०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू केली. पहिल्या वर्षी अनेकांना हे कळलंच नाही, जादा परीक्षा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नाव बदलून ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ केलं, म्हणजे सीईटीची गरज उरली नाही. नावातल्या दोन शब्दांवर परीक्षा द्यायची की नाही हे ठरावं, हे जरा अजबच. पण माहितीपत्रकात पदवीचं पूर्ण नाव वाचणं त्यामुळे भाग आहे.

इंजिनिअरिंग, फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी आणि त्यानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप. इथे पसंतीक्रम जपून लावावा. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी जागा मिळाली, तर ती घेणं बंधनकारक होतं. ‘उगाच टाकून ठेवू’ म्हणून वर लिहिलेलं लांबचं कॉलेज गळ्यात पडू शकतं. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत रोज तिथे पोहोचता येईल का, हा विचार यादी भरतानाच करायचा.

सगळ्यात जास्त अडतं ते दाखल्यांपाशी

आरक्षित जागेवरून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. या पट्ट्यातली असंख्य कुटुंबं कोकणातून, साताऱ्यातून, खानदेशातून आलेली. जातीचा दाखला मात्र ठरावीक तारखेला कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या पुराव्यांवर मिळतो. ही तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा गावच्या जुन्या नोंदी शोधायला गावी जावं लागतं. निकालानंतर हे सुरू केलं तर वेळ पुरत नाही. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वर्ष सुरू असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन पडताळणी समितीकडे अर्ज करावा.

नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस या दोन्हींना आठ लाखांची मर्यादा आहे, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. हिशेब वेगळा आहे. ओबीसींच्या नॉन-क्रिमीलेअरमध्ये पगार आणि शेतीचं उत्पन्न उत्पन्नाच्या मर्यादेत धरत नाहीत, पण आई-वडिलांच्या पदाचे निकष वेगळे पाहतात. ईडब्ल्यूएसमध्ये पगार आणि शेतीसह सगळं उत्पन्न धरतात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचा दाखला चालेल असं गृहीत धरून खुल्या प्रवर्गात ढकलली गेलेली मुलं दरवर्षी दिसतात.

अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करता येतो. डोंबिवली कल्याण तालुक्यात येते, त्यामुळे तिथल्यांसाठी तहसील कार्यालय कल्याणचं. अंबरनाथ आणि उल्हासनगरला स्वतंत्र तालुके आहेत.

मुलींसाठी एक महत्त्वाची बाब. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही.

मोबाइल नंबर कोणाचा?

शेजारच्या सायबर कॅफेत फॉर्म भरताना वेळ वाचवण्यासाठी दुकानदाराचाच नंबर आणि ईमेल टाकला जातो. पुढे जागा मिळाल्याचा संदेश, त्रुटी दुरुस्त करण्याची सूचना, ओटीपी, सगळं त्या दुकानात जातं. विद्यार्थ्याला कळेपर्यंत फेरी संपलेली असते. स्वतःचा किंवा पालकांचा चालू नंबर द्यावा, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, आणि प्रवेश पक्का होईपर्यंत ते सिम बदलू नये.