नवा सांधा आणि उरलेली कळ



झिजलेला गुडघा किंवा खुबा काढून त्याच्या जागी धातूचा व प्लास्टिकचा सांधा बसवावयाचा, ही शस्त्रक्रिया आता आपल्या परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावीही नवलाची राहिलेली नाही. लोक तिला ‘वाटी बदलणे’ म्हणतात. वास्तविक गुडघ्याची वाटी बहुधा जागच्या जागीच असते. बदलतात ती मांडीच्या व नडगीच्या हाडांची घासलेली टोके. पण लोकभाषेशी वाद घालण्याची सवय मी निवृत्तीबरोबर सोडून दिली आहे. कोणी नांदेडला जातो, कोणी छत्रपती संभाजीनगरला, कोणी पुण्यामुंबईस. आणि हैदराबादची गाडी धरणे हे तर निजामी अमलापासून आमच्या अंगवळणी पडलेले आहे. यांपैकी बहुतेक माणसे सुखाने चालू लागतात, हे आरंभीच सांगितले पाहिजे. परंतु काहींच्या बाबतीत सांधा नवा होतो आणि कळ मात्र मागे राहते. या उरलेल्या कळीचाही एक इतिहास आहे. तो शस्त्रवैद्यांच्या पराक्रमाच्या इतिहासात सहसा लिहिला जात नाही, म्हणून आज तो सांगावयाचा आहे.

कृत्रिम सांध्याचा पहिला मोठा प्रयोग १८९० साली बर्लिन येथे झाला. थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाच्या शस्त्रवैद्याने हस्तिदंताचे सांधे घडवून क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यांत बसविले व राळ आदींच्या लुकणाने ते हाडाशी चिकटविले. पहिले काही आठवडे रोगी बरे दिसत. पुढे जंतूंचा संसर्ग उफाळे, पू होई आणि सारे काढून टाकावे लागे. क्षयाने ग्रासलेल्या सांध्यांत असा प्रयोग करू नये, हे ग्लुकने पुढे स्वतःच मान्य केले. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक ही विद्या चाचपडतच राहिली. १९३८ साली लंडनमध्ये फिलिप वाइल्स याने पोलादी खुबा बसविला. महायुद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये ज्यूडे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा करून पाहिला.

या ज्यूडे गोळ्याची एक हकीकत वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इंग्लंडातील एका गृहस्थाच्या खुब्यात तो बसविलेला होता. गृहस्थ पुढे वाकला की खुबा करकर वाजे, आणि तो आवाज असह्य होऊन त्याची पत्नी खोलीतून निघून जाई! दुसऱ्या एखाद्या वैद्याने ही तक्रार हसण्यावारी नेली असती. मँचेस्टरच्या जॉन चार्नले याने ती कानांत साठवून ठेवली. आवाज येतो त्या अर्थी घर्षण आहे. घर्षण आहे त्या अर्थी गोळा हळूहळू हाडातून सैल होणार. आणि सैल झाला की दुखणारच, असा विचार त्याने केला. शाळेत आम्ही मुलांना उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकवीत असू. खुबा हा उखळीचा सांधा. या उखळीत घर्षण अत्यल्प कसे होईल, या एकाच प्रश्नामागे चार्नले पुढील कित्येक वर्षे लागला.

त्याने प्रथम टेफ्लॉनची उखळी केली. १९५८ पासून सुमारे तीनशे रोग्यांना ती बसविली. दोनतीन वर्षांत ती झिजू लागली आणि झिजेच्या भुग्याभोवती शरीराने गाठी धरल्या. वेदना परत आल्या. चार्नलेने त्या रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. भुग्याने शरीरात काय होते हे पाहण्यासाठी त्याने टेफ्लॉनचे व नव्या पॉलिएथिलीनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, पॉलिएथिलीनच्या जागी आली नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनची उखळी व पोलादी गोळा असलेला खुबा त्याने प्रथम बसविला, आणि आज जगभर होणाऱ्या शस्त्रक्रियांचा पाया तोच आहे. चार्नले मोठा झाला तो कौशल्याने, यात शंका नाही. पण रोग्याची कुरकुर त्याने कुरकुर म्हणून टाकून दिली नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

याच्या अगदी उलट प्रकरण आपल्या काळात घडले, आणि त्याचे धागे महाराष्ट्रापर्यंत आले. जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकन कंपनीच्या डीप्यू शाखेने ‘एएसआर’ नावाचा खुबा बाजारात आणला होता. त्यात गोळाही धातूचा व उखळीही धातूचीच. धातू धातूवर घासला की कोबाल्ट व क्रोमियम यांचे अतिसूक्ष्म कण सुटतात. ते भोवतालचे मांस निर्जीव करतात व रक्तातही उतरतात. रोग्यास जांघेत ठणका लागे, पण साध्या क्ष-किरण चित्रात खुबा सुरेख बसलेला दिसे. इंग्लंडमध्ये प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंदवही ठेवतात. त्या नोंदवहीने दाखवून दिले की, पाच वर्षांत शेकडा १२ ते १३ रोग्यांचे हे खुबे पुन्हा काढावे लागत आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून हा माल परत बोलाविला. तोवर सुमारे ९३,००० माणसांच्या अंगात तो जाऊन बसला होता. दुकानातील माल परत मागविता येतो. माणसाच्या हाडात ठोकलेला कसा परत मागवावयाचा?

भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मुंबईतील काही रोग्यांनी आपले दुखणे लावून धरले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीविरुद्ध पोलिसांत तक्रार नोंदविली. देशाच्या औषध नियंत्रकांची सर्वसाधारण सूचना मात्र डिसेंबर २०१३ मध्ये निघाली, म्हणजे माल परत बोलाविल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने. २०१७ साली केंद्र सरकारने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नुकसानभरपाईचे सूत्र ठरले, ते वय व अपंगत्व पाहून सुमारे ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये असे. मे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे ६७ रोग्यांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याचे कंपनीने मान्य केले.

परंतु या साऱ्या आकड्यांत मला सर्वांत विषण्ण करणारा आकडा वेगळाच आहे. त्या ४,७०० पैकी सुमारे ३,६०० माणसांचा पत्ताच लागला नाही! ती माणसे कोठे तरी आहेत, किंवा होती. त्यांच्यापैकी कितीएक जण वयाचे दुखणे म्हणून तेल चोळीत बसले असतील. आपल्या भागातील माणूस शस्त्रक्रियेस जातो तो भाचीच्या नाहीतर साडूच्या पत्त्यावर. दूरध्वनीचा क्रमांक मुलाचा, आणि तोही दोन वर्षांत बदललेला. सांध्याच्या वेष्टनावर कंपनीचे नाव, मालाचा क्रमांक व आकार छापलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णालयाच्या कागदांवर डकविली जाते. घरी येते ती पावती व औषधांची चिठ्ठी. आणि तीही पोळ्याच्या साफसफाईत रद्दीबरोबर निघून जाते.

आता गुडघ्याकडे वळू, कारण आपल्याकडे खुब्यापेक्षा गुडघेच अधिक बदलले जातात. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्यावर २००० साली व दुसऱ्यावर २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा या गोष्टीचे नाव घरोघरी झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यास कर वगळून ५४,७२० रुपये. मध्यमवर्गास हा मोठाच दिलासा होता. रोग्यांत बायका पुष्कळ. गंगाखेड हे जनाबाईचे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. जात्यावर, चुलीपुढे व शेतात निंदणीच्या वेळी उकिडवे बसून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या गुडघ्यांचा हिशेब कोणी मांडला आहे?

शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ दुखत राहणाऱ्यांचे प्रमाण किती, हे पाहण्यासाठी निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात खुब्याच्या बाबतीत शेकडा ७ ते २३, आणि गुडघ्याच्या बाबतीत शेकडा १० ते ३४ असे प्रमाण आढळले. म्हणजे पाचसात घरांमागे एखादे घर तरी या दुःखाचे असावयाचे. कारणे अनेक असतात. सांधा हाडातून सैल होतो. जंतू धातूवर चिकट थर करून दडून बसतात. तेथे औषध पोहोचत नाही, आणि मग पुष्कळदा सांधा काढून, औषधी सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवून, काही आठवडे वा महिन्यांनी नवा बसवावा लागतो. कधी एखादी मज्जातंतूची शाखा दुखावलेली असते. कधी दुखणे कमरेच्या मणक्यातले असून गुडघ्यात जाणवते. आणि कधी वर्षानुवर्षांच्या वेदनेने मज्जासंस्थाच इतकी हळवी झालेली असते की, इजा भरून आली तरी तिची हाकाटी थांबत नाही.

प्रस्तुत वक्त्याचा उजवा गुडघा असाच बदललेला आहे, म्हणून येथे चार शब्द स्वतःविषयी बोललो तर श्रोत्यांनी क्षमा करावी. शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटले तरी ठणका जाईना. एका मोठ्या शहरातील रुग्णालयात मला सांगण्यात आले की, “मास्तर, फोटो उत्तम आहे, दुखणे तुमच्या मनात आहे.” मनातले दुखणे मोजावे तरी कसे, म्हणून मी शाळेच्या हजेरीपटासारखा एक पट आखला. सकाळ, दुपार, सायंकाळ, रात्र. किती दुखले ते शून्य ते दहा. आणि त्या वेळी मी काय करीत होतो. तीन महिन्यांत एक गोष्ट स्वच्छ दिसू लागली. बसून उठल्यावर पहिल्या आठदहा पावलांत कळ सर्वांत तीव्र येई, मग उतरे. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तो पट शांतपणे वाचला व म्हणाले, हे सैल सांध्याचे लक्षण असू शकते. त्यांनी रक्त तपासले, सांध्यातील पाणी सुईने काढून तपासावयास पाठविले, जंतू नाहीत याची खात्री केली. नडगीकडील भाग सैल निघाला. तो पुन्हा बसविला. तेव्हापासून पहिल्या पावलांची कळ गेली. रात्रीची थोडी आहे ती आहेच.

जी उरली तिच्याशी कसे वागावे, याचेही शास्त्र आता झाले आहे, आणि त्याचा एक आद्य प्रवर्तक मल्ल होता हे ऐकून आमच्या आखाड्यांतील मंडळींस बरे वाटेल. जॉन बोनिका हा इटलीत जन्मलेला व अमेरिकेत वाढलेला गृहस्थ कुस्त्या मारून वैद्यकाच्या शिक्षणाचा खर्च भागवी. कुस्तीतील दुखापतींनी त्याचे सांधे जन्मभर दुखत राहिले. भूल देण्याच्या शास्त्रात तो पारंगत झाला, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या वेदना त्याने जवळून पाहिल्या आणि १९५३ साली वेदनेच्या उपचारांवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. एकट्या वैद्याने वेदनेस पुरे पडणे अशक्य आहे. शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ, मनोवैद्य, व्यायाम शिकविणारा अशांनी एकत्र बसून रोगी पाहावा, ही त्याची शिकवण. १९६५ साली मेलझॅक व वॉल यांनी मांडले की, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक दार लागते आणि ते कमीअधिक उघडते. झोप, भीती, चिंता, स्पर्श, हालचाल या सर्वांचा त्या दाराशी संबंध आहे. ‘मनात आहे’ हे वाक्य त्यामुळे अर्धवट ठरते. मन त्यात असतेच, पण म्हणून वेदना खोटी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून अमलात आले, शस्त्रक्रियेनंतर टिकून राहणाऱ्या वेदनेस स्वतंत्र नोंद मिळाली आहे.

व्यवहारात याचा अर्थ काय, तर थोडे थोडे पण रोज चालावे. बऱ्या दिवशी उत्साहाने दुप्पट चालून दुसरे दोन दिवस अंथरुणात काढू नयेत. ही चूक सगळेच करतात. लग्नकार्यात पंगतीस खुर्ची मागण्याची लाज वाटू देऊ नये. वेदनाशामक गोळ्या दुकानदाराच्या सल्ल्याने महिनोन् महिने गिळू नयेत. त्यांनी मूत्रपिंड व जठर बिघडते. मज्जातंतूच्या दुखण्यावर निराळी औषधे असतात, ती डॉक्टरांनी ठरवावीत. आणि बदललेला सांधा लाल, गरम होऊन सुजला, जखमेतून पाणी येऊ लागले किंवा ताप चढला, तर शेकणे, चोळणे, लेप लावणे हे सारे बाजूस ठेवून त्याच दिवशी शस्त्रवैद्य गाठावा.

घरच्यांविषयीही एक सांगतो. पैसे खर्च करून, रजा काढून, मुलांनी आईची शस्त्रक्रिया करविली. मग ती दुखते म्हणाली की त्यांना तो आपल्या कर्तव्यावरील ठपका वाटतो. आई ते ओळखते आणि बोलावयाची थांबते. मी अशा दोन घरी बसून आलो आहे. तेथे पहिला उपचार एवढाच झाला की, सुनेने सासूबाईंचा पट भरावयास घेतला.

भारतात २०१५ सालापासून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची राष्ट्रीय योजना चालू आहे. तिचे मुख्य कार्य गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालते, आणि रोगी स्वतःही तेथे कळवू शकतो. मात्र त्या पत्रकात उपकरणाचे नाव व क्रमांक लिहावा लागतो. तो असतो त्या चिकटपट्टीवर. ज्यांची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे त्यांनी घरी येण्यापूर्वीच तिची प्रत मागून घ्यावी. ज्यांची होऊन गेली आहे त्यांनी रुग्णालयास लेखी अर्ज करून आपल्या कागदपत्रांच्या नकला मागवाव्यात. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यावर शस्त्रक्रियेची तारीख, आंतररुग्ण नोंदणी क्रमांक आणि आपला आजचा पत्ता तेवढा स्पष्ट अक्षरात लिहावा.